अहवाल मिळतो, अर्थ मिळत नाही

संध्याकाळी सहानंतर कोणत्याही तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबच्या दारात थोडा वेळ उभे राहिले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. पावती पुढे करून माणूस पाकीट घेतो, पायरीवरच ते उघडतो आणि एका रकान्यातील आकडे शेजारच्या रकान्यातील मर्यादांशी ताडून पाहू लागतो. एखादा आकडा ठळक छापलेला असतो. कधी त्याच्यापुढे चांदणी असते. माणूस तेथेच थबकतो. अलीकडे पाकिटाची जागा पुष्कळ ठिकाणी फोनवर येणाऱ्या पीडीएफने घेतली आहे. त्यामुळे थबकण्याचे ठिकाण बदलले, इतकेच. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशी अकराची असते. मधली रात्र ज्याची त्याने काढायची.

रिपोर्ट थेट रुग्णाच्या हाती पडतो, ही वस्तुतः आपल्याकडील एक चांगली रीत आहे. अमेरिकेसारख्या देशात तो विनाविलंब रुग्णाला संगणकावर पाहता यावा, यासाठी कायदा व नियम करावे लागले आणि ते एप्रिल २०२१ पासून अमलात आले. आपल्याला ही सोय कोणी हक्क म्हणून बहाल केली नाही. तपासणीचे पैसे आपण स्वतः रोख मोजतो, म्हणून कागदही आपल्यालाच मिळतो. दुकानदार गिऱ्हाइकाला बिल देतो, त्यातलाच हा प्रकार. प्रश्न आहे तो त्या कागदाचा अर्थ कोणी, कोणाला आणि कसा सांगायचा, हा.

आमच्या महाविद्यालयातील एका लिपिकाची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. एका शिबिरात त्यांनी सवलतीच्या दरात साठाहून अधिक तपासण्यांचे 'पॅकेज' करून घेतले. रिपोर्टात क्रिएटिनिनचा आकडा १.३ आणि लॅबची वरची मर्यादा १.२, म्हणून तो ठळक. त्यांचे एक चुलते मूत्रपिंडाच्या विकाराने गेलेले. प्रवेशाचे दिवस असल्यामुळे चार दिवस त्यांना डॉक्टरांकडे जाणे जमले नाही, आणि त्या चार दिवसांत गृहस्थांनी मनातल्या मनात मुलीच्या लग्नापर्यंतची सारी तजवीज मोडीत काढली. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "काही विशेष नाही. पाणी जास्त पीत जा." एवढ्याने त्यांचे समाधान होईना. त्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये तीच तपासणी पुन्हा केली. आकडा तोच आला. परंतु तपासण्याची पद्धत वेगळी असल्याने त्या लॅबची वरची मर्यादा १.४ होती, त्यामुळे छपाई ठळक नव्हती. तेव्हा कोठे त्यांना झोप लागली. त्यांची प्रकृती पहिल्या दिवशी होती तशीच होती. या शांतीसाठी त्यांना शिबिराच्या शुल्काहून अधिक पैसे मोजावे लागले.

या भीतीच्या मुळाशी जे गणित आहे, ते आमच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळण्यासारखे आहे. पुष्कळशा तपासण्यांची 'नॉर्मल' मर्यादा कशी ठरते? निरोगी माणसांचा एक मोठा गट घ्यायचा, त्यांचे आकडे मोजायचे आणि मधले पंच्याण्णव टक्के ज्या पट्ट्यात बसतील तो पट्टा 'नॉर्मल' म्हणायचा. म्हणजे शंभरातील पाच धडधाकट माणसे व्याख्येनेच त्या पट्ट्याबाहेर राहणार. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा वीस तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के येते. साठ तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एकही चांदणी न दिसणे, हीच नवलाची गोष्ट म्हटली पाहिजे! मधुमेहासारख्या काही विकारांत ही रेषा निराळ्या पद्धतीने, तज्ज्ञांच्या विचारविनिमयाने ठरते. १९९७ साली अमेरिकेतील मधुमेह संघटनेने उपाशीपोटीच्या साखरेची निदानरेषा १४० वरून १२६ वर आणली, तेव्हा कोणाच्याही रक्तात काही फरक न पडता असंख्य माणसे एका दिवसात रुग्ण ठरली. रेषा खाली आणण्याला सबळ कारणे होती, हेही खरे. पण रेषा ही माणसांनी आखलेली असते, एवढे तरी रुग्णाला कोणीतरी सांगायला हवे.

आणि हे सांगणाऱ्यालाही ते कळलेले असेलच असे नाही. १९७८ साली हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत साठ जणांना, म्हणजे विद्यार्थी, शिकाऊ डॉक्टर व अनुभवी डॉक्टर यांना, एक साधा प्रश्न विचारण्यात आला. हजारात एकाला होणारा एक रोग आहे. तपासणी निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांना चुकून रोगी दाखवते. तर ज्याची तपासणी 'पॉझिटिव्ह' आली त्याला तो रोग खरोखर असण्याची शक्यता किती? सर्वांत अधिक जणांनी दिलेले उत्तर ९५ टक्के होते. खरे उत्तर सुमारे दोन टक्के. हजार माणसांत एक खरा रोगी आणि पन्नास खोटे; एकावन्नात एक. साठांपैकी अकरा जणांनाच ते बरोबर सांगता आले. हे हार्वर्डचे झाले. आपल्याकडे असा प्रश्न कोणी विचारला तर काय होईल, याचा अंदाज वाचकांवर सोडलेला बरा.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यात नवल वाटत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला, तो आज या शाखेचा पायाच मानला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, या बाजारात विकत घेतली जाणारी मुख्य वस्तू म्हणजे माहिती, आणि ती विकणाऱ्यापाशी अधिक व घेणाऱ्यापाशी कमी असते. घेणाऱ्याला मालाची पारख नसते. म्हणूनच येथे विश्वासाचे मोल मोठे. हा विचार आपल्या लॅबच्या पायरीवर आणून ठेवला की चित्र स्पष्ट होते. रक्त काढण्याला दर आहे, यंत्राला दर आहे, कागदाला दर आहे. त्या कागदाचा अर्थ समजावण्याला मात्र स्वतंत्र दर नाही. रिपोर्ट दाखवायला आलेल्या रुग्णाकडून अनेक डॉक्टर वेगळी फी घेत नाहीत. हे त्यांच्या सौजन्याचे लक्षण आहे. पण ज्याला किंमत नाही त्याचा पुरवठा आखडतो, हा नियम सौजन्यालाही चुकत नाही. ६७ देशांतील अभ्यासांचा आढावा घेणारा एक लेख 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील प्राथमिक तपासणीचा वेळ सरासरी दोन मिनिटांच्या आसपास आढळला. दोन मिनिटांत 'पाणी जास्त पीत जा' याहून अधिक काय सांगणार? उलट नवी तपासणी लिहून देण्याला काही ठिकाणी मोबदला मिळतो. महाराष्ट्रात त्याला 'कट प्रॅक्टिस' असे रोखठोक नाव आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी ती निषिद्ध ठरवली आहे, आणि २०१७ साली राज्य शासनाने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला होता. सर्वच डॉक्टर तसे वागतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण एक तपासणी समजावून सांगण्यापेक्षा दुसरी लिहून देणे सोपे पडावे अशी ही रचना आहे, आणि प्रामाणिक डॉक्टरही त्याच रचनेत काम करतो.

येथवर किरकोळ आकड्यांची गोष्ट झाली. रिपोर्ट गंभीर असतो तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटते. तेव्हा अर्थ सांगितला जातो; फक्त ज्याचा आहे त्याला नव्हे.

माझे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या गाठीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टरांनी मला विचारले, "तुम्ही चिरंजीव ना? त्यांना जरा बाहेर बसवा." मी त्यांना बाहेर बसवले. आत पाच मिनिटे बोलणे झाले. बाहेर येऊन मी त्यांना सांगितले की जुनी गाठ आहे, औषधाने विरेल. चाळीस वर्षे वर्गात खरेखोटे पारखण्यात घालवलेल्या माणसाला मी हे सांगत होतो. त्यानंतर ते सात महिने जगले. ते गेल्यावर गावच्या दवाखान्यातील कंपाउंडर, हा त्यांचा जुना विद्यार्थी, मला म्हणाला, "गुरुजींनी दुसऱ्याच महिन्यात रिपोर्ट माझ्याकडून वाचून घेतला होता." म्हणजे पाच महिने आम्ही त्यांच्यापासून लपवीत होतो, आणि ते आमच्यापासून. जमिनीचा एक तुकडा बहिणीच्या नावे करण्याचा त्यांचा विचार घरात सर्वांना ठाऊक होता. तो विषय काढला असता तर आमचे सोंग उघडे पडले असते. बहुधा म्हणूनच त्यांनी तो काढला नाही. कागद तसेच राहिले आणि त्यांचा निकाल पुढे आम्हा भावंडांत पुरेशा कडवटपणाने लागला. डॉक्टरांना मी दोष देत नाही. दार लावून घेणारा मीच होतो.

यावर ठरलेले उत्तर असे की, ही आपली कुटुंबपद्धती आहे. पाश्चात्त्यांची गोष्ट वेगळी. हा युक्तिवाद इतिहासाला धरून नाही. १९६१ साली अमेरिकेत एका पाहणीत सुमारे नव्वद टक्के डॉक्टरांनी कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे आपला कल असल्याचे नमूद केले होते. १९७९ साली तशाच पाहणीत सत्याण्णव टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. अठरा वर्षांत एखाद्या देशाची संस्कृती बदलत नसते. तेथे बदलली ती व्यवसायाची सवय. एव्हाना उपचार सुधारले होते, आणि रुग्णाच्या संमतीला न्यायालयात अर्थ प्राप्त झाला होता.

आपल्या नियमांत ही दुविधा एका अव्ययात साठवलेली आहे. २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये व कमी करूनही सांगू नये. रुग्णाला, त्याच्या नातलगांना 'किंवा' त्याच्या जबाबदार स्नेह्यांना त्यांच्या हिताला आवश्यक तेवढी माहिती असल्याची खात्री करून घ्यावी. या 'किंवा'मध्ये रुग्ण बाहेरच्या बाकावर जाऊन बसतो. कागदाच्या बाबतीत मात्र कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. केस-पेपरची प्रत रुग्णाला वा नातलगांना नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. २००२ च्या नियमांनी त्यासाठी ७२ तासांची मुदत घातली. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. कागद कोणी द्यायचा, किती दिवसांत द्यायचा, सही कोणाची, हे सारे ठरले. तो समजावून कोणी द्यायचा, हे तेवढे ठरायचे राहिले.

ते ठरवता येते याचा पुरावा दूर शोधायला नको. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतून एच.आय.व्ही.साठीची समुपदेशन व चाचणी केंद्रे चालतात. तेथे तपासणीपूर्वी समुपदेशक त्या व्यक्तीशी बोलतो, संमती घेतो. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून कोणालाही बाधित ठरवीत नाहीत. वेगळ्या किटवर आणखी चाचण्या होतात. हार्वर्डच्या डॉक्टरांना न सुटलेले गणित येथे कार्यपद्धतीतच सोडवून ठेवले आहे. निकाल त्या व्यक्तीला, समोरासमोर, गुप्तता राखून दिला जातो आणि पुढे काय करायचे तेही त्याच बैठकीत सांगितले जाते. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, संमतीला व गुप्ततेला कायद्याचे बळ दिले. या केंद्रांत उणिवा नाहीत असे नाही. समुपदेशक कंत्राटी असतात आणि त्यांच्या वेतनाच्या तक्रारी जुन्याच आहेत. तरीही सरकारी रुग्णालयात, गर्दीत, मराठीत हे काम होते; कारण निकाल सांगणे हे एक काम आहे असे मानून त्यासाठी माणूस नेमला गेला, त्याला शिकवले गेले आणि त्याचा पगार अंदाजपत्रकात धरला गेला. जी व्यवस्था एका रोगासाठी उभी राहिली, ती कर्करोग, मधुमेह वा मूत्रपिंडाच्या विकारासाठी का राहू नये?

खाजगी क्षेत्रातही अशक्य असे काही नाही. रिपोर्ट समजावण्याची वेगळी, माफक व जाहीर फी डॉक्टरांनी अवश्य घ्यावी. नको असलेल्या दहा तपासण्यांपेक्षा ती रुग्णाला स्वस्तच पडेल. ज्याची सही बंधनकारक आहे त्या पॅथॉलॉजिस्टने मराठीत दोन ओळी लिहिण्यास हरकत नसावी. शिबिरवाल्यांनी साठ आकडे हाती ठेवून तंबू हलवण्यापूर्वी एक दिवस डॉक्टर बसवावा.

राहिला प्रश्न 'किंवा'चा. आमच्या परिचयाचे एक डॉक्टर गेली दोन वर्षे मोठी तपासणी लिहून देतानाच रुग्णाला विचारतात, "निकाल कोणाला सांगू?" तपासणीच्या आधी, म्हणजे कोणाचाच चेहरा अजून पडलेला नसतो तेव्हा. मी त्यांना विचारले, म्हातारी माणसे काय म्हणतात? ते म्हणाले, "बरेच जण म्हणतात, मलाच सांगा, पोरांना मी सांगतो. काही म्हणतात, मला नको, मुलाला सांगा." मग त्या दुसऱ्यांचे काय करता? "मुलालाच सांगतो. त्यांनी तसे सांगितलेले असते."