मातीच्या गोण्यांची भिंत टिकेल कशी?
इराणमध्ये जन्मलेले वास्तुविशारद नादर खलिली यांच्या मातीच्या गोण्यांच्या घरांना २००४ साली आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. उतारावरची माती अडविण्यासही अशी भिंत बांधता येते. मात्र ती बहुधा पाण्यामुळे ढासळते, हे आमच्या गवंडी बांधवांनी ध्यानी ठेवावे. पावसात मागची माती भिजून जड होते, पाण्याचा दाब वाढतो व भिंत पुढे झुकते. म्हणून मागे खडीचा थर आणि तळाशी पाणी निघायला पाईप हवाच. गोण्या विटांप्रमाणे सांधमोड करून रचाव्यात, प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा, दोन थरांमध्ये काटेरी तार घालावी, भिंत उताराकडे किंचित कलती ठेवावी. प्लास्टिकची गोणी उन्हाने विरते. गिलावा लवकर करावा. गिऱ्हाईक पाईपचा खर्च वाचवू म्हणाले, तर काम सोडलेले बरे, असे आम्हांस वाटते. भिंत पडली की नाव गवंड्याचेच जाते.