वाढीचा रस का आटतो?

ऊस वाढेना झाला की आपण माती तपासून आणतो. पोराची उंची खुंटली तर मात्र ‘आजोबांवर गेलाय’ म्हणून सोडून देतो. पुष्कळदा ते खरेही असते. कधी पोटालाच कमी पडते. पण काही मुलांत दोष मेंदूच्या तळाशी असतो. तिथल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचा रस, म्हणजे ग्रोथ हार्मोन, सुटतो. कुणाची ग्रंथी जन्मतःच अपुरी घडते, कुणाच्या जनुकांत दोष असतो. असे काही दोष जवळच्या नात्यातल्या लग्नांतून मुलांत उतरण्याचा संभव अधिक. बऱ्याच मुलांत तर कारण सापडतच नाही.

मोठ्या माणसांत हा रस आटतो तो बहुधा ग्रंथीवर गाठ आल्याने, तिच्या ऑपरेशनने किंवा किरणांच्या उपचाराने. मोटारसायकलवरून पडून डोक्याला जबर मार लागला तरीही. बाळंतपणात अतोनात रक्त गेले तर ग्रंथी सुकते. मग दूध येत नाही, पाळी परतत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘हिला बाळंतपण मानवलं नाही.’

आम्हांला मुख्यतः सांगायचे आहे ते घोणस या सापाविषयी. दारे धरताना, पाचटात हात घालताना तो चावतो, हे येरळाकाठी कुणाला सांगायला नको. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि काहींच्या पिट्युटरीचा रक्तपुरवठाच तुटतो. ब्रह्मदेशातील अशा रुग्णांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. माणूस लस घेऊन वाचतो, किडनी सावरते, घरी येतो. पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, अंग गळते, थंडी सोसत नाही, दाढी-काखेचे केस विरळ होतात, बाईची पाळी थांबते. भाऊबंद म्हणतात, ‘काम टाळतोय.’ लहान पोराला चावला असेल तर उंची थांबू शकते. चावलेल्या प्रत्येकाला असे होते असे मुळीच नाही.

शिवाय एकटा वाढीचाच रस जातो असे नाही. ताण सोसायला लागणारे कॉर्टिसॉलही घटते, आणि असा माणूस साध्या ताप-जुलाबातही दगावू शकतो. रक्ताच्या तपासण्यांतून हे उमगते, गोळ्या-इंजेक्शने आहेत. मुलांची उंची मात्र हाडांची टोके जुळून येण्यापूर्वीच वाढवता येते.

डॉक्टर जुना दंश विचारतीलच असे नाही. ‘तीन वर्षांमागं घोणस चावली होती’ हे आपणच सांगावे, आणि दवाखान्याचा तेव्हाचा कागद असल्यास बरोबर न्यावा.