ब्लोअर सुरू होत नाही? कार्बोरेटरचा स्क्रू फिरवण्याआधी पेट्रोल बघा

चंद्रपूर/गडचिरोली : 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वन विभागाचा वणवा हंगाम. पानगळीचा पाला बाजूला सारून जाळरेषा साफ करायला आणि आग पसरू न द्यायला आता पाठीवरचे ब्लोअर मशीन वापरले जाते. पण पावसाळ्यापासून कोपऱ्यात पडलेले मशीन नेमके गरजेच्या वेळी सुरू होत नाही. मग कोणीतरी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटर फिरवायला बसतो आणि साधा बिघाड मोठा होतो.

बहुतेक वेळा दोष जुन्या पेट्रोलचा असतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. महिनोन् महिने टाकीत राहिलेले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर उरतो आणि कार्बोरेटरची बारीक छिद्रे बुजतात. आतला रबरी पडदाही कडक होतो.

आधी हे तपासा

1. जुने पेट्रोल काढून टाका. टू-स्ट्रोक मशीनमध्ये ताजे पेट्रोल आणि टू-स्ट्रोक ऑईल मिसळूनच टाका. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असते. 50:1 लिहिले असेल तर 1 लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली ऑईल. नुसत्या पेट्रोलवर चालवल्यास पिस्टन जाम होतो.

2. एअर फिल्टर झटकून साफ करा. टाकीतल्या नळीच्या टोकाचा छोटा फिल्टर काळा पडला असेल तर बदला.

3. प्लग काढून बघा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झाले. पुसून, वाळवून लावा. बरेचदा दोरी ओढूनही कोरडाच असेल तर पेट्रोल पोहोचत नाही.

4. टाकीचे झाकण थोडे सैल करून बघा. त्याने मशीन चालले, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे.

एवढे करूनही मशीन फक्त चोकवरच चालत असेल, तर कार्बोरेटरमध्ये कचरा आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे. कार्बोरेटर क्लीनरने छिद्रे धुवा. छिद्रात तार घालू नका, माप बिघडते.

स्क्रू कधी फिरवावा?

सफाईनंतरही रेस देताच मशीन बंद पडत असेल तरच. एल हा कमी रेसचा, एच हा जास्त रेसचा स्क्रू. आयडलचा स्क्रू वेगळा असतो. आधी एल स्क्रू हलक्या हाताने बंद करत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा, आणि तेवढेच परत उघडा. जोरात आवळल्यास सुईचे टोक खराब होते. मग मशीन गरम करून, थोडे थोडे फिरवा. उजवीकडे फिरवल्यास पेट्रोल कमी होते, डावीकडे वाढते. रेस देताच अडखळत असेल तर थोडे डावीकडे, धूर जास्त आणि प्लग काळा-ओला असेल तर थोडे उजवीकडे. शेवटी आयडल बसवा. गवत कापायच्या मशीनमध्ये रेस सोडल्यावर पाते फिरता कामा नये.

एच स्क्रूला हात लावू नका. तो उजवीकडे जास्त गेला की मशीन जोरात पळते, पण पेट्रोलसोबत ऑईलही कमी मिळते आणि इंजिन तापून जाम होते. ते काम मिस्त्रीकडेच द्या.

गरम मशीनमध्ये पेट्रोल भरू नका. तापलेला सायलेन्सर सुक्या पाल्यावर टेकवू नका. आग विझवायला गेलेले मशीनच आग लावेल.

हंगाम संपला की जूनमध्ये टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. एवढी पाच मिनिटे दिली तर पुढच्या फेब्रुवारीत दोरी ओढत बसावे लागणार नाही. तरीही हंगामाच्या आधी एकदा प्रत्येक मशीन सुरू करून बघावे. आग लागल्यावर दुरुस्तीला वेळ नसतो.