सरळ वर जाणाऱ्या विमानाचा आवाज

बोईसरमध्ये मोठा धमाका ऐकू आला की माणसे आधी तारापूर एमआयडीसीच्या दिशेला धूर शोधतात. जानेवारी २०२० मध्ये तिथल्या एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा जीव गेला, तेव्हापासून ही सवय अधिकच पक्की झाली. धूर दिसला नाही तर दुसरा संशय भूकंपाचा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची जी मालिका सुरू झाली तिने लोकांना ऐन थंडीत घराबाहेर झोपायला लावले. हेही नाही म्हटले की नाक्यावर तिसरे उत्तर तयार असते : लढाऊ विमान सरळ वर गेले असेल, ध्वनीची भिंत फोडून. हे उत्तर तपासायलाच हवे. कारण ते टिकले नाही, तर पहिल्या दोन कारणांकडे परत यावे लागते.

विमान आडवे उडते तेव्हा त्याचे वजन पंख पेलतात. इंजिनाला झगडायचे असते ते हवेच्या विरोधाशी. नाक सरळ आकाशाकडे केले की पंखांची मदत संपते. सगळे वजन इंजिनावर येते, शिवाय हवेचा विरोध असतोच, आणि ध्वनीच्या वेगाजवळ तो एकदम चढतो. म्हणून उभे चढताना वेग वाढवायचा तर इंजिनाचा रेटा या दोहोंच्या बेरजेहून जास्त हवा.

आपल्या जवळचे उदाहरण सुखोई-३० एमकेआयचे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात ही विमाने तयार झाली. दोन इंजिनांचा आफ्टरबर्नरसह जमिनीवरचा रेटा सुमारे २५ टन. विमान रिकामे असतानाच १८ टनांच्या पुढे, आणि पूर्ण भरले की ३८ टनांच्या घरात. नेहमीच्या भारात रेटा आणि वजन जेमतेम बरोबरीला येतात. वेग वाढवायला शिल्लक काय राहणार?

उंचीची मदत होते, पण अर्धवट. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. आपल्या किनाऱ्यावर ३० अंशांत तो सेकंदाला सुमारे ३५० मीटर, तर ११ किलोमीटरवरच्या कडाक्यात २९५ मीटर. म्हणजे विमान चढते तशी ही भिंत आपणहून ठेंगणी होत जाते. मात्र विरळ हवेत इंजिनाचा दमही कमी होतो.

तरी हे अशक्य नाही. १९७५ साली अमेरिकेने एफ-१५ जातीचे एक विमान, ‘स्ट्रीक ईगल’, अनावश्यक सामान उतरवून, रंगसुद्धा न देता विक्रमांसाठी उडवले. धावपट्टीवरून निघाल्यापासून ६,००० मीटर उंची गाठायला त्याला ३९.३३ सेकंद लागले, आणि ९,००० मीटरला ४८.८६. उड्डाणे वेगवेगळी होती. पण ढोबळ वजाबाकी केली तर मधले तीन किलोमीटर साडेनऊ सेकंदांत. सेकंदाला ३१५ मीटर, आणि हा निव्वळ वर चढण्याचा वेग! त्या उंचीवर ध्वनीचा वेग ३१० च्या आसपास असतो. पुढे १९८६ मध्ये सोव्हिएत संघाच्या पी-४२ ने ३,००० मीटरचा विक्रम २५.४ सेकंदांवर आणला. ते सुखोई-२७ चे हलके केलेले रूप होते, म्हणजे ओझरच्या सुखोईचे चुलत भावंडच. शस्त्रे घेतलेले विमान बहुधा आडवे असतानाच ध्वनीला मागे टाकते आणि मग वर वळते. त्यानंतर गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला त्याचा ताशी ३५ किलोमीटर वेग खात जाते. ही भिंत उभ्याने फोडणे नव्हे. आधी फोडून मग उभे राहणे झाले.

आता नाक्यावरच्या उत्तराची खरी अडचण. धमाका भिंत फुटण्याच्या एका क्षणी होतो हा समज चुकीचा आहे. विमान ध्वनीहून वेगात असेपर्यंत होडीमागच्या लाटेसारखी दाबाची लाट त्याच्यामागे पसरत राहते. ही लाट विमानाच्या दिशेला, पुढे आणि बाहेर जाते. विमान सरळ वर निघाले असेल तर लाटही वरच्या अंगाला जाते. ध्वनीच्या दुप्पट वेगातसुद्धा ती क्षितिजाच्या ३० अंश वर रोखलेली असते. खालच्या माणसाच्या कानावर ती थेट येतच नाही. अतिउंच थरांत वळून काही अंश परतलाच, तर दूर कुठे पुसट गडगड.

धमाका ऐकू येतो तो आडव्या किंवा खाली झेपावणाऱ्या विमानाचा. तीस हजार फुटांवरून जाणारे विमान जमिनीवर जवळपास ५० किलोमीटर रुंदीचा पट्टा हादरवू शकते. २० मे २०२० रोजी बंगळुरू असेच दचकले होते. तो हवाई दलाच्या चाचणी-उड्डाणाचा आवाज असल्याचे संरक्षण खात्याने सांगितले, आणि असा आवाज ६५ ते ८० किलोमीटरवरही पोहोचतो, अशी पुस्तीही जोडली. ओझर बोईसरपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सह्याद्री. तेव्हा ओझरवर घिरट्या घालणारे विमान इथे ऐकू येणार नाही. त्याला आपल्याच बाजूला यावे लागेल.

विमानाच्या धमाक्यात बहुतेकदा लागोपाठ दोन ठोके असतात, नाकाचा आणि शेपटीचा. खिडक्यांच्या काचा थरथरतात, पायाखालची फरशी सहसा नाही. डहाणूकडचे भूकंप उथळ असल्याने जमीनच ढोलासारखी वाजते, आणि लहान धक्का जाणवण्याआधी त्याचा आवाज येऊ शकतो. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र नोंदलेल्या धक्क्यांची वेळ, खोली आणि ठिकाण जाहीर करते. धमाका झाला की घड्याळातली वेळ मिनिटासकट लिहून ठेवावी आणि त्या यादीशी ताडून पाहावी.