वैशाखातलं औत

माणदेशातल्या खरसुंडीच्या चैत्री यात्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो. तिथं हल्ली खोंडाचे दात बघण्याआधी एकच प्रश्न येतो, ‘पळतो का?’ बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली घातलेली बंदी डिसेंबर 2021मध्ये अटींसह उठली, मे 2023मध्ये त्यासाठीचा कायदाही वैध ठरला, आणि पळणाऱ्या खिल्लाराला लाखांत बोली लागू लागली. औताच्या बैलाकडे मात्र गिऱ्हाईक फिरकत नाही. माणदेशात वाढलेली ही जात तगली याचा आनंद आहेच. पण आटपाडी, माण, सांगोल्याकडच्या तीन-चार एकरवाल्यांचा अख्खा उन्हाळा जिच्या खांद्यावर चालला, ती आता रानात दिसत नाही, हे ते उन्हाळे पाहिलेल्यांच्या जिव्हारी लागतं.

माणदेशाचा मागचा काळ सांगायला बसलं की दुष्काळांची यादीच होते. 1972 साल, खडी फोडणं, सुकडी. यावर पुष्कळ लिहून झालंय. 1990 नंतरची गोष्ट डाळिंबाची. आधी गणेश वाण, मग भगवा, मग तेल्या रोग. तीही सगळ्यांना पाठ आहे. या दोहोंच्या मधली, 1978 ते 1988च्या आसपासची दहा वर्षं कुणी फारशी उघडून बघत नाही. त्या वर्षांत छोट्या शेतकऱ्याच्या घरी वैशाखात जे चालायचं, त्याला ‘उन्हाळ्याची सुट्टी’ म्हणणं हा त्या घरांवर अन्यायच.

शाळूची मळणी उरकली, कडब्याची गंज रचून झाली, की नांगर निघायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली बेळगावात लोखंडी नांगर घडवला आणि 1910 साली कारखाना सांगलीकडच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीला आणला. तसा जड नांगर काळ्या रानात ओढायचा तर एका जोडीचं काम नव्हे. चार बैल लागत, कधी सहा. छोट्याच्या दावणीला दोनच. मग वारंगुळा व्हायचा. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. पैशाचा व्यवहारच नाही, बैलाच्या बदल्यात बैल.

कोंबडं आरवायच्या आत औत जुंपलेलं असे, कारण ऊन चढलं की जनावर धापा टाकायचं. नऊ-दहाला औत सुटायचं, बैल पाण्यावर जायचे आणि नांगरटीत बगळे उतरायचे. उलथलेली ढेकळं तापली की हरळी-कुंद्याच्या मुळ्या करपायच्या, उघड्या पडलेल्या अळ्या आणि कोष पाखरं टिपायची. वळवाचा एखादा पाऊस पडला की तीच ढेकळं विरघळायची. मग कुळवाची पाळी. मागून बायका-पोरं धसकटं वेचायची, ती चुलीला व्हायची. उकिरड्यातलं शेणखत बैलगाडीनं रानात जायचं, एकरी पाच-सहा गाड्या. ते विकत आणायचं असतं, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नसतं.

दुपारही रिकामी नसे. लिंबाच्या सावलीत घायपाताचा वाख पिंजून कासरे, दावी वळली जायची. चिंच फोडून चिंचोके वेगळे होत. सुतार तिफण नीट करून द्यायचा, लोहाराकडं फाळ शेवटून घ्यायला रांग लागायची. मिरगाच्या आधी सगळं तयार हवं.

याच वर्षांत रोजगार हमीला कायद्याचं बळ आलं. कायदा 1977चा, अंमल 26 जानेवारी 1979पासून. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी कामं निघाली आणि उन्हाळ्यात हातात रोख पैसा आला. बाईला पुरुषाइतकाच दर, ही तिच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. फक्त घरचं काम कमी झालं नाही. पहाटे शेण भरून, शेणी थापून, विहिरीच्या तळाशी गेलेलं पाणी शेंदून, भाकरी बांधून ती कामावर जायची, आल्यावर वैरणीला. कुरडया, सांडगे, वर्षाचं तिखट हे त्यातूनच उरकायचं. त्या दशकाच्या आठवणी काढताना पुरुष बैलांबद्दल तासन्‌तास बोलतात. बाईच्या त्या दिवसाचा हिशेब तेव्हा कुणी केला नाही आणि आताही करत नाही. दोर वळणाऱ्या मातंग घरांना खळ्यावर मिळणारं बलुतंही त्यांच्या कष्टाच्या मानानं तोकडंच असायचं. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

तरीही एक गोष्ट खरी होती. पेरणीची सगळी तयारी छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात होती. बैल घरचा, खत घरचं, बी घरच्या कणगीतलं, मनुष्यबळ सावडीचं. ‘खिल्लार पोसून काय मिळतं? दूध देत नाही,’ असं त्या काळात बाहेरून येणारा प्रत्येक शहाणा सांगून गेला. संकरित गाय दूध देते, घराला हातभार लावते, हे खरंच. पण ती औत ओढत नाही, हे सांगायला कुणी थांबलं नाही.

बैल गेला, तशी त्याच्याभोवतीची कामंही एकेक करून गेली. वारंगुळा गेला, कारण द्यायला बैलच नाही. वाख गेला, नायलॉनचा दोर आला. लोहाराचा भाता थंडावला. 2013 आणि 2019च्या टंचाईत जनावरं चाराछावण्यांत न्यावी लागली, तेव्हा उरलेल्या कित्येक जोड्याही दावणीवरून उतरल्या. नांगराच्या जागी आलेला ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर वरची चार-पाच बोटं माती भुगा करतो आणि खालचा थर दाबून घट्ट करतो; वळवाचं पाणी मुरायचं तिथं वाहून जातं.

आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी काही गावांत पोचलंय, त्या शिवारांत मे महिन्यातही हिरवं दिसतं, आणि त्याचा आनंद मानायलाच हवा. पाणी न पोचलेल्या वाड्यांवर मात्र रोहिणी निघाली की ट्रॅक्टरवाल्याला फोन सुरू होतात. तो आधी दहा एकरांचे सलग तुकडे घेतो. डिझेल जाळून दोन एकरांच्या आखूड पट्टीत वळणं घेणं त्याला परवडत नाही. पैसे आगाऊ दिले तरी छोट्याचा नंबर शेवटी. मिरगाचा पहिला पाऊस होऊन जातो, शेजारची पाभर चालू लागते, आणि याच्या रानात शाळूची धसकटं तशीच उभी असतात.