सुपारीवाला साथीदाराला सोडेल का?

मनाविरुद्ध ओढला गेलेला साथीदार, म्हणजे गाडी चालवणारा किंवा घर दाखवणारा, काम झाल्यावर जिवंत राहील का? कथेतल्या मारेकऱ्याला दयामाया आहे का, त्यापेक्षा त्याला कायदा किती कळतो ते आधी पाहावं. असा कचखाऊ माणूसच उद्या माफीचा साक्षीदार होतो. त्याची तरतूद म्हणजे पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३४३. अट अशी, की सगळं खरं सांगायचं. आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत तोही आतच. शिवाय नुसत्या त्याच्या शब्दावर न्यायालयं सहसा विसंबत नाहीत, दुजोरा मागतात. म्हणजे त्याला मारून मिळतं थोडं, आणि नव्या खुनाचा नवा पुरावा मात्र मागे राहतो.

पण माणसं हिशेबाने कुठे वागतात? ‘सत्या’ चित्रपटात (१९९८) कल्लूमामाला टोळीतल्याच सत्याला उडवण्याचा हुकूम मिळतो, आणि मामा गोळी घालतो ती वकील मुळेला. टोळीच्या म्होरक्याचा, भिकू म्हात्रेचा, खून त्याला पचलेला नसतो.

कथा लालबाग-परळची असेल तर आणखी एक अडचण. १९८२च्या गिरणी संपानंतर टोळ्यांत शिरलेली पोरं एकेका चाळीतली, एकाच गणेश मंडळातली. साथीदार नाहीसा झाला, की त्याची आई दुसऱ्या दिवशी मारेकऱ्याच्याच दारात विचारायला येणार. माझ्या मते तो त्याला गोळी घालणार नाही, गावच्या एसटीत बसवून देईल.