टाच दुखतेय, पंढरी गाठायचीय
आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किमी. पालखी हे अंतर अडीच-तीन आठवड्यांत कापते. हीच वाट धावत जाणाऱ्यांना घाई असते, आणि टाच तिथेच रुसते. सकाळी पहिल्याच पावलाला टाचेत कळ येत असेल, तर बहुधा तळव्याचा पट्टा दुखावलाय. त्यावर व्यायाम असा: पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाच सावकाश उचलावी, तितकीच सावकाश खाली न्यावी, एक दिवसाआड. फरक पडायला महिने लागतात, म्हणून आषाढीची तयारी माघातच सुरू करावी. वाटेतला दिवे घाट खुशाल चालत चढा. (वारकरीही धावतात ते रिंगणात, नाहीतर वेळापूरच्या धाव्याला!) हाडावर एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल, तर धावणं बंद करून डॉक्टर गाठा. वेदनाशामक गोळी घेऊन धावणं नकोच. घामाने पाणी घटलेल्या शरीरात ती मूत्रपिंडांना बाधू शकते.